पहिल्या रनओव्हरनंतर : नवीन असिस्टंट लोको पायलटसाठी (रेल्वेच्या सहायक इंजिनचालकासाठी)

मित्रा, गाडीखाली माणूस आला, उतरून बघायला तुलाच जावं लागलं आणि दुसऱ्या दिवशी तू पुन्हा ड्युटीवर गेलास. हे कळल्यापासून चैन नाही.

चूक तुमची नव्हती. ताशी १०० किलोमीटरच्या वेगात इमर्जन्सी ब्रेक लावला तरी गाडी जवळपास किलोमीटरभर जाते, आणि माणूस दिसतो पन्नास मीटरवर. हे स्वतःला मोठ्याने सांग, कारण मन ते ऐकत नाही. माझा पहिला प्रसंग इगतपुरीच्या अलीकडचा. त्याच्या हातातली पिवळी पिशवी अजून डोळ्यांसमोर येते. मी कुणाजवळ बोललो नाही. दोन महिने रनिंग रूममध्ये, म्हणजे आपल्या विश्रांतीच्या खोलीत, डोळा लागला की हॉर्न ऐकू यायचा, डबल यलो, म्हणजे दोन पिवळ्या दिव्यांचा सिग्नल, दिसला तरी तळहाताला घाम सुटायचा.

तू असं करू नकोस. लॉबीत, म्हणजे ड्युटीची हजेरी लागते तिथे, जाऊन सांग, मी ड्युटीच्या अवस्थेत नाही. तोंडी नको, लेखी दे. वरिष्ठ कुरकुरतील, कुरकुरू देत. रेल्वेच्या डॉक्टरला झोपेचं खरं सांग. स्वतःच्या मनाने गोळी किंवा दारू अजिबात नको. रात्री-अपरात्री जीव घाबरला तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लाव. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. घरीही सांग, नाहीतर तुझी चिडचिड त्यांना उगाच स्वतःवरची वाटते.

परत त्या जागेवरून जाशील तेव्हा तुझ्या लोको पायलटला आधी कल्पना दे. सिग्नल हात दाखवून, खणखणीत आवाजात पुकार. तो उत्तर देईल.