डोंगरावरचे वणवे विझवायला कोणता अग्निशमन बंब घ्यावा?

तुमच्या गावच्या मंडळाला देणगी मिळालीय आणि "शक्य तितका मोठा" बंब घ्यायचाय, असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय. याच तीन शब्दांवरून आमच्या कप्तानाचं आणि माझं चार वर्षं वाजतंय, म्हणून उत्तर लिहायला बसलो.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला, नोकरीला अमेरिकेत आयडाहोला, आणि तिथल्या एका ग्रामीण अग्निशमन केंद्रात स्वयंसेवक. (बायकोचं म्हणणं, घरातला गॅस बंद केलाय का ते बघत नाही आणि निघाला लोकांच्या आगी विझवायला.) आमच्या भागात चीटग्रास नावाचं गवत माजलंय. जूनपर्यंत त्याचा कडबा होतो, मग आग लागायला एखाद्या ट्रेलरची डांबरावर घासणारी साखळीसुद्धा पुरते.

इथे बंबांचे १ ते ७ असे प्रकार ठरलेत. १ आणि २ इमारतींसाठी, ३ ते ७ रानासाठी. आकडा वाढेल तशी गाडी साधारण लहान होत जाते, पण पाण्याचा हिशोब तसा सरळ नाही. प्रकार ३ मध्ये किमान ५०० गॅलन, म्हणजे १,९०० लिटरच्या आसपास. प्रकार ४ मध्ये ७५० गॅलन, म्हणजे २,८०० लिटरच्या वर, पण पंप दुबळा. चढावर दर १० मीटरला जवळपास १ बार दाब खर्च होतो. प्रकार ३ चा पंप १७ बारला पाणी ढकलतो, म्हणून कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत त्याचीच चलती. प्रकार ४ चं माप ७ बारचं. त्याला सपाटीच बरी. प्रकार ६ म्हणजे दणकट पिकअप, किमान १५० गॅलन, ५६८ लिटर. प्रकार ७ त्याहून लहान.

आमच्या केंद्रात नवीन गाडी घ्यायची ठरली तेव्हा मी म्हटलं, ६ नंबरच्या दोन घ्या. कप्तान म्हणाला, पाणी जास्त ती गाडी चांगली. २,८०० लिटर पाणी म्हणजे २,८०० किलो ओझं, हे मी फळ्यावर लिहून दाखवलं. मतदान झालं, मी पडलो, ४ नंबर आला.

दोन वर्षांपूर्वी जुलैत हायवेच्या कडेने गवत पेटलं. कप्तान नवा ट्रक घेऊन आगीचं तोंड अडवायला कोरड्या ओढ्यातून घुसला आणि वाळूत मागची चाकं आसापर्यंत गेली. वारा उलटीकडे होता म्हणून निभावलं. मी आमची जुनी ६ नंबर चालवत होतो. आग जिथून लागली तिथून आत शिरलो, जळून काळ्या झालेल्या जमिनीवर चाकं ठेवली आणि कडेकडेने निघालो. जोडीदार नळी धरून शेजारी चालत होता. गाडी चालू आणि पंपही चालू, याला इथे पंप-अँड-रोल म्हणतात. गवताच्या आगीत हे जमत नसेल तर ती गाडी नुसता टँकर समजा.

पण मिनिटाला ७५ लिटर सोडलं तरी सहा मिनिटांत माघारी वळावं लागतं, कारण तळाचं पाणी स्वतःच्या जिवासाठी राखायचं असतं. आता भरणार कुठून? गुरांचं तळं आटलेलं. शेवटी त्या रुतलेल्या ट्रकमधूनच भरून घेतलं. सहा खेपा झाल्या, संध्याकाळी आग विझली. कप्तान म्हणतो, माझ्या पाण्याने विझली. मी म्हणतो, ते नेलं कुणी? हा वाद अजून चालू आहे, आणि खरं सांगायचं तर त्याच्याही म्हणण्यात थोडं तथ्य आहे. पण जमीन कडक असती तर, असं तो म्हणतो तेव्हा माझं डोकं फिरतं. जमीन कडक नव्हती!

आता तुमचं. सह्याद्रीच्या उतारावर यातला एकही बंब चढणार नाही. लहानपणी आजोबांबरोबर निरगुडीच्या ओल्या फांद्यांनी वणवा झोडपलाय, तिथे चाक कुठून जाणार? जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा) वेळेवर काढा, पालापाचोळा उडवणारे दोन-तीन ब्लोअर घ्या, पाठीवरचे १६ लिटरचे फवारणी पंप घ्या. उरलेल्या पैशात पिकअपवर ५०० लिटरची टाकी आणि द्राक्षबागेत फवारणीला असतो तसला जास्त दाबाचा एचटीपी पंप बसवा. पायथ्याचं गवत आणि वाडीच्या कडा तेवढ्यात सांभाळता येतील. घर पेटलं तर मात्र हे खेळणं आहे, तिथे नगरपालिकेचाच बंब हवा. आणि माझा अनुभव आयडाहोच्या गवताचा आहे, तेव्हा वनरक्षकाला विचारल्याशिवाय काही विकत घेऊ नका. चढावर आगीच्या वरच्या बाजूला कुणालाही उभं करू नका, हे आधी लिहायला हवं होतं.

वाडीपर्यंतचा रस्ता किती रुंद आहे आणि एप्रिलमध्ये पाणी असलेली विहीर किती लांब आहे ते कळवा, मग टाकीचा नेमका आकार सांगतो. मंडळात कुणी "पाणी जास्त ती गाडी चांगली" म्हणालं, तर त्याला आधी ती गाडी ओढ्यातून काढून दाखवायला सांगा.