माझ्या १९७८ च्या अँबेसेडरच्या टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाचं, पॅकिंग तीनदा बदललं, तरी ऑइल गळतंच. सिलिकॉन लावू का?

नका लावू. तुमची गाडी १९७८ ची, माझी वडिलांची, तिच्याच आसपासची. इंजिन तेच, १४८९ सीसी पेट्रोल. सिलिकॉनचा पराक्रम मी स्वतः करून बसलोय. दोन्ही बाजूंनी भरपूर थापलं, बाहेर आलेलं ब्लेडने कापलं, दिसायला झकास. आत किती दाबलं गेलं ते कोण बघतो? काही महिन्यांनी ऑइल प्रेशर पडायला लागलं. चेंबर (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं) उतरवला तर ऑइल गाळणाऱ्या स्ट्रेनरच्या जाळीवर सिलिकॉनची लाल शेव! आम्हा इंदूरवाल्यांना शेव कशावरही चालते, पण इथे नाही. पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यांच्या) भोकांतून तुकडे खाली गेले होते.

तुमच्याकडे दोष पॅकिंगचा नसून कव्हरचा असणार. ते पातळ पत्र्याचं आहे आणि दोनच नटांवर बसतं. गळलं की आपण नट आणखी आवळतो, पत्रा नटाखाली खचतो, कडा वाकते, बुचाचं पॅकिंग एका बाजूने बाहेर येतं. मग पुन्हा आवळतो. या बी-सिरीज (मूळ ब्रिटिश बीएमसीच्या) इंजिनात त्या नटांना फक्त ४ फूट-पाउंड ताकद पुरते, म्हणजे जेमतेम साडेपाच न्यूटन-मीटर. लांब पाना हातात घेऊच नका.

कव्हर काढून जाड काचेवर पालथं ठेवा आणि कडेखाली वर्तमानपत्राचा कागद सरकवून बघा. कागद आत जातो तिथे कड उचललेली आहे. लाकडाचा ठोकळा धरून हलक्या हाताने ठोका, पुन्हा काचेवर ठेवा. माझी एक अख्खी दुपार यात गेली, पण खरं काम तेच. जुना गोंद मात्र पूर्ण खरवडा. हेडवर, म्हणजे कव्हर ज्यावर बसतं तिथे, खरवडताना रॉकरवर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांवर) फडकं टाका, नाहीतर कचरा आत.

नवं पॅकिंग फेविबॉन्डने फक्त कव्हरला चिकटवा, वर वजन ठेवून रात्रभर सोडा. हेडच्या बाजूला ग्रीसचा पुसटसा हात. म्हणजे टॅपेट सेट करायला कव्हर उघडलं तरी पॅकिंग फाटत नाही. नटाखालचे रबरी बुशही बदला. इंदूरच्या सियागंज बाजारात मला पॅकिंगबरोबरच मिळाले. ते कडक झाले की ऑइल स्टडवरून वर चढतं आणि आपण दोष पॅकिंगला देतो.

हे सगळं करूनही ओलं दिसलं तर ब्रीदर, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणारी वाट, बघा. इंजिनाच्या बाजूला असलेल्या पुढच्या साइड कव्हरवरून निघणारी नळी आणि आतली जाळी काजळीने बुजली की इंजिनात दाब साठतो, आणि मग ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर पडतं. मागच्या बाजूने, क्रँकपाशी तर सर्वांत आधी, कारण तिथे रबरी सील नाहीच, ऑइल आत परत ढकलणारी नुसती उलटी चकरी कोरलेली आहे. रॉकेलमध्ये धुऊन फुंकर मारून बघा.

गळतं कुठून याची खात्री नसेल तर इंजिन कोरडं पुसा, पावडर भुरभुरा आणि दहा-पंधरा किलोमीटर चक्कर मारून या. पावडरवर ओली रेघ जिथून सुरू झाली, ती जागा. मॅनिफोल्डच्या (कार्बुरेटर आणि सायलेन्सर इंजिनाला जोडणाऱ्या पाइपांच्या) मागे निघाली तर साइड कव्हरचं पॅकिंग गेलंय, आणि त्यासाठी मॅनिफोल्ड उतरवावं लागेल. तेव्हा कार्बुरेटरचंही पॅकिंग आणून ठेवा.