सदसद्विवेकबुद्धीतला गिळलेला ‘अ’

प्रश्न असा आला आहे: मुलीच्या नागरिकशास्त्राच्या वहीत ‘सद्सद्विवेकबुद्धी’ लिहिलंय, शब्दकोशात ‘सदसद्विवेकबुद्धी’. बरोबर कोणतं? आणि धर्मस्वातंत्र्याच्या कलमात हा बोजड शब्द कशाला, नुसतं ‘मन’ चाललं नसतं का?

शब्दकोश बरोबर. सत् + असत् = सदसत्, पुढे विवेक आला की सदसद्विवेक. बरं काय, वाईट काय हे निवडणारी बुद्धी. चूक होते ती कानामुळे. ‘गडबड’ आपण ‘गड्बड’ म्हणतो पण लिहिताना ड पूर्ण लिहितो. इथे मात्र उच्चारात गिळलेला ‘अ’ लिहितानाही गिळतो. मग उरतं सत् आणि पुन्हा सत्. वाईट नाहीच म्हटल्यावर विवेक कशाचा करायचा?

आता ‘मन’. मनाला काय, भजीसुद्धा हवी असतात. संविधानाच्या 25व्या कलमाला हवा होता तो आतला निवाडा. हिंदीत तिथे ‘अंतःकरण’ आहे. कानाला गोड, पण मराठीत ते चटकन द्रवतं, निवाडा करत नाही. म्हणून मला आपला लांबलचक शब्दच आवडतो.

शिवाय कलमात तो धर्माच्या आधी येतो. आधी सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य, मग धर्म मानण्याचं, आचरण्याचं, त्याचा प्रसार करण्याचं. आणि हे सगळं ‘सर्व व्यक्तीं’ना, भाषणस्वातंत्र्याच्या 19व्या कलमासारखं फक्त नागरिकांना नाही.

ह्या शब्दाचं वजन 2014 साली मुंबई उच्च न्यायालयात दिसलं. काही जणांना राजपत्रात आपली नोंद ‘कोणताही धर्म नाही’ अशी हवी होती. शासकीय मुद्रणालयाने नकार दिला. गंमत म्हणजे ही मंडळी नास्तिक नव्हती, येशूवर त्यांची श्रद्धा होती. फक्त ख्रिस्ती किंवा दुसरा कुठलाही धर्म आपला म्हणायचा नव्हता. न्यायालयाने 25व्या कलमाच्या आधारे सांगितलं की मी कोणत्याच धर्माचा नाही असं म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि सरकार कुणाला धर्म सांगायला भाग पाडू शकत नाही. कलमात नुसता ‘धर्म’ असता तर ह्यांना कुठे बसवलं असतं?

वहीत दुरुस्ती करताना मुलीला तोडून म्हणायला सांगा: सद्-असद्-विवेक. दोनदा म्हटलं की बसतं.