रडार उपग्रहाच्या प्रतिमांवरून जलाशयाची पाणीपातळी कशी काढतात?

प्रतिमेतून पातळी थेट मिळत नाही. मिळतं ते पाण्याचं क्षेत्रफळ. सेंटिनेल-१ या युरोपीय रडार उपग्रहाची जीआरडी प्रतिमा, म्हणजे जमिनीवरच्या अंतरांत मांडलेली तयार प्रतिमा घ्या (पिक्सेल १० मीटरचा). कॅलिब्रेशन (उजळपणाचे आकडे प्रमाणित करणं), स्पेकल फिल्टर (रडारचा ठिपक्याठिपक्यांचा गोंगाट कमी करणं) आणि भूरूप-दुरुस्ती (डोंगरउतारांमुळे सरकलेली जागा नीट करणं) करा. शांत पाणी रडारलहरी आरशासारख्या पलीकडे परतवतं, म्हणून काळं दिसतं. ओत्सू पद्धतीने (ही पिक्सेल आपोआप काळ्या-उजळ अशा दोन गटांत विभागते) उंबरठा, म्हणजे पाणी आणि जमीन वेगळी करणारी उजळपणाची सीमा काढा, पण जलाशय आणि भोवतीची थोडीच जमीन कापून घेऊन. अख्ख्या प्रतिमेत पाण्याचा वाटा इतका कमी असतो की उंबरठा चुकतोच.

सगळ्यात जास्त फसवतो तो वारा. लाटा उठल्या की व्हीव्ही प्रतिमेत (रडारलहर उभी पाठवून उभीच टिपलेली) पाणी उजळतं आणि क्षेत्रफळ एकदम घटल्यासारखं वाटतं. तेव्हा व्हीएच (उभी पाठवून आडवी टिपलेली) पाहा. डोंगरांच्या रडार-सावल्याही काळ्याच, त्या आधीच वगळा.

मग क्षेत्रफळ-उंची वक्रावरून, म्हणजे कोणत्या पातळीला किती क्षेत्रफळ हे दाखवणाऱ्या आलेखावरून पातळी वाचा. वक्र एसआरटीएमवरून (अंतराळयानातून रडारने केलेली जमिनीच्या उंचीची मोजणी) बनवत असाल तर सांभाळा: ती मोजणी फेब्रुवारी २००० ची, तेव्हा पाण्याखाली असलेला तळ तिच्यात नाहीच. उभ्या काठांच्या जलाशयात पातळी मीटरभर उतरली तरी क्षेत्रफळ जेमतेम हलतं. तिथे रडार अल्टिमीटर (उपग्रहावरून पाण्याची उंची थेट मोजणारं उपकरण) बरा, अर्थात उपग्रहाचा मार्ग त्यावरून जात असेल तर.