मुलगा अकरावी कॉमर्सला आहे, इकॉनॉमिक्ससाठी घराजवळ चांगला प्रायव्हेट ट्यूटर कसा शोधायचा?

तुम्ही लिहिलंय की मुलाची दहावी मराठी मिडीयममधून झाली, आता कॉमर्स इंग्लिशमधून घेतलंय, नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहता आणि इको त्याच्या डोक्यावरून जातंय. मी एमए इकॉनॉमिक्स आहे, बरीच वर्षं घरी अकरावी-बारावीची मुलं शिकवते आणि तेही नाशिकमध्येच, म्हणून लिहितेय. माझी बॅच भरलेली आहे त्यामुळे ही काही माझी जाहिरात नाही.

सगळ्यात आधी बोर्ड बघा. हे लोक विचारतच नाहीत आणि मग महिनाभराने कळतं की सर दुसराच सिलॅबस शिकवतायत. स्टेट बोर्डाच्या अकरावीच्या पुस्तकात पैसा, विभाजन मूल्ये (क्रमाने लावलेल्या आकड्यांचे समान भाग पाडणारी मूल्ये), महाराष्ट्राची अर्थव्यवस्था, बेरोजगारी, दारिद्र्य, 1991 नंतरचं आर्थिक धोरण असं आहे, आणि उपयोगिता, मागणी, लवचीकता, पुरवठा हे सगळं बारावीत येतं. सीबीएसईला मागणी-पुरवठा अकरावीतच, सोबत स्टॅटिस्टिक्स, आणि बारावीला मॅक्रो (म्हणजे संपूर्ण देशाच्या अर्थव्यवस्थेचा अभ्यास) आणि भारतीय आर्थिक विकास. म्हणजे जो माणूस वर्षानुवर्षं एचएससीची, म्हणजे स्टेट बोर्डाची, बारावी घेतोय तो सीबीएसईच्या बारावीच्या मुलाला तितका उपयोगी पडेलच असं नाही. फोनवर पहिलं वाक्य हेच असू द्या, कोणतं बोर्ड, कोणती इयत्ता, कोणतं मिडीयम.

आता शोधायचं कुठे. कॉलेज रोड, गंगापूर रोडला क्लासेसची रांग आहे पण कॉमर्सच्या बहुतेक क्लासमध्ये सगळा जोर बीके (बुक-कीपिंग, हिशेब लेखन) आणि मॅथ्सवर असतो, इको पॅकेजमध्ये येतं आणि बऱ्याचदा जो मोकळा असेल तो शिकवतो. मला हे मनापासून खटकतं, कारण हा विषय सर्वात सोपा म्हणून सोडून दिला जातो आणि मुलांना तो कधी आवडूच दिला जात नाही. तुम्ही फक्त इको शिकवणारा माणूस शोधा. जवळच्या सीनियर कॉलेजच्या इकॉनॉमिक्स डिपार्टमेंटला जाऊन सरळ विचारा की एमए झालेलं, सेट-नेटची (प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षांची) तयारी करणारं कोणी ट्यूशन घेतं का. ही मुलंमुली विषयात ताजी असतात, त्यांना पैशांचीही गरज असते आणि घरी यायलाही तयार असतात. दुसरा मार्ग म्हणजे अभ्यासिका आणि तुमच्या सोसायटीतली बारावी नुकती झालेली मुलं, त्यांच्या आईवडिलांना नाही तर त्या मुलांना विचारा, कोण नीट शिकवतं हे त्यांनाच माहीत असतं. ट्यूटर शोधायच्या साइट आहेत, तिथे नाव मिळेल, पण नंबर टाकला की दिवसभर फोन येतात तेव्हा घरातला एखादा जादा नंबर द्या.

त्याच्याच कॉलेजच्या सरांकडे लावू नका असं माझं स्पष्ट मत आहे. इकोला 80 मार्कांचा लेखी पेपर आणि 20 मार्क कॉलेजच्या हातात, त्यात ट्यूशनचे पैसे मिसळले की मुलगाही मोकळेपणाने शंका विचारत नाही.

डेमो लेक्चर मागाच, आणि तुम्ही स्वतः शेजारी बसा. टॉपिक मात्र तुम्ही द्या, आणि तो बारावीचा द्या, कारण अकरावीचा बराचसा भाग पाठ करून निघून जातो आणि खरा कस बारावीला आकृत्या आल्या की लागतो. मी तर सांगेन मागणीतील विस्तार आणि मागणीतील वृद्धी यातला फरक समजावून सांगायला लावा. कांद्याचा भाव उतरला म्हणून दोन किलोऐवजी पाच किलो घेतले तर तो विस्तार, मागणीच्या त्याच वक्रावर (भाव आणि मागणी दाखवणाऱ्या रेषेवर) खाली सरकायचं. पण भाव तोच आहे आणि घरातलं उत्पन्न वाढलं म्हणून जास्त घेतले तर ती वृद्धी, अख्खा वक्रच उजवीकडे सरकतो. चांगला शिक्षक हे लासलगावच्या कांद्यावरून किंवा पेट्रोलवरून सांगेल, मुलाच्या हातात पेन देऊन त्याच्याकडून आकृती काढून घेईल, अक्षांना नावं दिली का ते बघेल. जो पुस्तक उघडून अंडरलाइन करायला सांगतो त्याला नमस्कार करून निरोप द्या. अकरावीचंच काही बघायचं असेल तर विभाजन मूल्यांचं एक गणित द्या, चतुर्थक तीनच का, दशमक नऊच का, शतमक नव्व्याण्णवच का हे तो सांगतो की नुसतं सूत्र लिहून देतो, तेवढ्यावरून कळतं.

आणि वही तपासतो का हे विचारा, यावर मी सगळ्यात जास्त भर देईन. एचएससीला सहमत की असहमत ते सकारण लिहा असे प्रश्न असतात, संकल्पना ओळखा असतात, आठ मार्कांची सविस्तर उत्तरं असतात. मुलांना तोंडी सगळं येतं, पण कागदावर सहमत लिहितात आणि कारण म्हणून तेच विधान फिरवून लिहितात. आठवड्याला निदान दोन उत्तरं लिहून घेऊन लाल पेनाने दुरुस्त करून देणारा माणूस मिळाला तर तो थोडे पैसे जास्त मागत असला तरी घ्या, यात घासाघीस करू नका.

तुमच्या मुलाचा अर्धा प्रश्न मिडीयमचा आहे असं मला वाटतं. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या साइटवर फुकट पीडीएफमध्ये आहेत, मराठी आणि इंग्लिश दोन्ही उतरवून घ्या, आधी मराठीतला धडा वाचू द्या मग इंग्लिश, वाक्यं जवळजवळ तीच आहेत. ट्यूटर असा बघा जो मराठीत समजावेल पण उत्तर इंग्लिशमध्ये लिहून घेईल, पूर्ण इंग्लिश झाडणारा सध्या नको.

फी महिन्याच्या महिन्याला द्या, वर्षाची एकदम कधीच नाही. केंद्र सरकारने जानेवारी 2024 मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी परत द्यायची असं आहे, पण त्या पन्नासपेक्षा जास्त मुलं असलेल्या सेंटरसाठी आहेत, घरगुती ट्यूटरला लागू नाहीत, त्यामुळे तिथे तुमची काळजी तुम्हीच घ्यायची. शिकवणी हॉलमध्ये, दार उघडं ठेवून, हे मुलगा असो की मुलगी दोघांसाठी.

एकट्याची फी परवडत नसेल तर त्याच्याच वर्गातले दोनतीन जण मिळून एक ट्यूटर ठरवा, चारच्या वर नको नाहीतर वही तपासणं बंद होतं. आणि चौकशी गणपतीच्या आधी उरका, दिवाळीनंतर बारावीची घाई सुरू होते आणि चांगल्या लोकांकडे अकरावीसाठी वेळच उरत नाही.