कॅपचं टिपण पाठवण्याआधी

प्रिय पोरी,

टिपण वाचलं. आकडे बरोबर आहेत, भाषा नेटकी आहे, आणि तरीही ते आहे तसं पुढे पाठवू नकोस. रग्बी लीगच्या क्लबच्या भरती विभागात तू नवीन. पगाराची कॅप आणि ज्युनियर भरती यांत काय बदलायला हवं, हे तुझ्यासारख्या नवख्या मुलीला विचारलं जातं, ही साधी गोष्ट नाही. म्हणून कान धरायचा तर आत्ताच. तुझ्या बाबांनाही हे वाचून दाखवणार आहेस, तेव्हा चार ओळी त्यांच्यासाठी जास्तीच्या येतील. त्या तू ओलांडून जा.

बाबांसाठी: ही रग्बी लीग, तेरा जणांची. पंधरा जणांची ती रग्बी युनियन, ती वेगळी. ह्या खेळात सहा टॅकल झाले की चेंडू समोरच्यांच्या हातात द्यायचा. सिडनीत 1908 पासून ही स्पर्धा चालू आहे, आणि कोल्हापुरात पेठापेठांतून फुटबॉलला जो मान आहे तोच आमच्या पश्चिम सिडनीत हिला. क्लबनं खेळाडूंच्या पगारावर एकूण किती खर्च करायचा याला वरची मर्यादा आहे, तीच कॅप. 1990 मध्ये आली. हेतू दोन: क्लबांनी कर्ज काढून पगार वाटू नयेत, आणि पैसेवाल्या क्लबानं सगळे चांगले खेळाडू एकट्यानं उचलू नयेत.

आता तुझ्याकडे वळतो. टिपणाची पहिली तीन पानं तू लबाडीवर घालवली आहेस. 2002 मध्ये कँटरबरी बुलडॉग्ज गुणतक्त्यात सगळ्यांत वर असताना त्यांचे 37 गुण कापले गेले आणि ते थेट तळाला गेले. 2010 मध्ये मेलबर्न स्टॉर्मची 2007 आणि 2009 ची अजिंक्यपदं काढून घेतली आणि उरलेला हंगाम त्यांना गुणांशिवाय खेळावा लागला. 2016 मध्ये पॅरामॅटाचे 12 गुण गेले, वर दहा लाख डॉलरचा दंड. सगळं खरं आहे. पण हे तुझ्या वरिष्ठांना तोंडपाठ आहे. त्याचा एक परिच्छेद कर. मी आयुष्यभर हिशेब तपासले, त्यामुळे दुहेरी वह्यांच्या गोष्टी मलाही रंगवून सांगायला आवडतात. तरी त्यांतून सुधारणेसाठी फारसं काही हाती लागत नाही. चोर पकडला म्हणून घराची रचना सुधारत नाही.

खरी गोम चौथ्या पानावर आहे आणि तिथेच तू घाई केलीस. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्या 2023 च्या करारात प्रत्येक क्लबच्या मुख्य तीस खेळाडूंसाठी कॅप 1 कोटी 21 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर ठरली आणि त्या तीसांतल्या प्रत्येकाला किमान 1 लाख 20 हजार. हे दोन आकडे शेजारी ठेवून सोडलेस. गणित पुढे ने. समज, तिघांना दहा-दहा लाख दिले. उरले 91 लाख आणि 27 माणसं. त्यांतले दहा जण किमान पगारावर ठेवले तर 12 लाख तिकडे गेले, आणि मधल्या सतरा जणांसाठी 79 लाख, म्हणजे सरासरी साडेचार लाखांच्या थोडं वर. या सतरातलं एखादं पोरगं दोन हंगामांत चमकलं आणि बाहेरून त्याला नऊ लाखांचं बोलावणं आलं, तर त्याला ठेवायला क्लबला दुसरे दोघं सोडावे लागतात. ते पोरगं आठव्या वर्षापासून आपल्याच मैदानावर धावत होतं, की गेल्या वर्षी दुसरीकडून आलं, याचा हिशेबात जवळजवळ काही फरक पडत नाही. क्लबनं घडवलेल्या आणि वर्षानुवर्षं टिकलेल्या खेळाडूंसाठी कॅपमध्ये सवलत आहे, पण ती मिठाइतकी.

पश्चिम सिडनीतल्या पेनरिथ क्लबकडे बघ. 2021 ते 2024 सलग चार अजिंक्यपदं. सेंट जॉर्ज क्लबच्या जुन्या सुवर्णकाळानंतर असं कुणाला जमलं नव्हतं. आणि तो संघ बहुतांशी आजूबाजूच्या उपनगरांतल्या पोरांचा. याच चार वर्षांत तिथून कोण कोण गेलं याची यादी काढ: बर्टन आणि किकाऊ बुलडॉग्जकडे, कोरोइसाऊ टायगर्सकडे, मग क्राइटन, लेनियू, आणि शेवटी माउंट ड्रुइटचा जेरोम लुआईसुद्धा टायगर्सकडे. लीगचे लोक म्हणतील, कॅपचं काम हेच आहे, गुणवत्ता पसरली पाहिजे. त्यांचं चुकत नाही. मला फक्त एवढं विचारायचंय की पसरवण्याचं बिल कोण भरतं? मोठ्या क्लबला निदान चषक मिळाला. ज्या उपनगरी क्लबात त्या पोरानं पहिल्यांदा बूट बांधले, जिथे कुणाची तरी आई शनिवारी कँटीनमध्ये सॉसेज भाजते आणि कुणाचा तरी बाप मैदानावर चुन्याच्या रेघा मारतो, त्यांच्या खात्यात काय आलं? एवढं सगळं करून नाव आयत्या बिळावरच्या नागोबाचं.

म्हणून तुझा मुख्य उपाय: घरच्या खेळाडूच्या पगारातला ठरावीक टक्का कॅपमधून वगळायचा. ऐकायला गोड आहे. पण ‘घरचा’ कोण? तू लिहिलंयस, ‘वयाच्या अठराव्या वर्षाआधी क्लबनं करारबद्ध केलेला.’ हे वाक्य खोडून टाक. ते राहिलं तर उद्यापासून प्रत्येक क्लबचा स्काउट, म्हणजे पोरं हेरणारा माणूस, चौदा वर्षांच्या पोरांच्या मागे लागेल, कारण लवकर सही म्हणजे पुढे सवलत. नियम करताना नेहमी एक गोष्ट तपासायची: यानं स्काउट कोणत्या वयाच्या पोराच्या दारात जाऊन उभा राहील? या खेळातल्या बऱ्याच चांगल्या हेतूच्या नियमांनी ते वय खाली ढकललं आहे. वीस वर्षांखालच्यांची राष्ट्रीय स्पर्धा 2008 मध्ये सुरू झाली, मोठ्यांच्या सामन्याआधी टीव्हीवर दिसायची. पोरं ऑकलंडहून, क्वीन्सलंडच्या गावांतून घर सोडून यायची. बहुतेकांचं पुढे काही झालं नाही. 2017 च्या हंगामानंतर ती बंद करून राज्याराज्यांच्या स्पर्धांवर आणावं लागलं. बंद केली ते बरंच झालं.

इथे तुला एक प्रसंग सांगतो. आमच्या ज्युनियर क्लबचा खजिनदार होतो तेव्हाचा. सरावाच्या संध्याकाळी एक सामोअन बाई कँटीनच्या टेबलाशी आली, इस्पितळाच्या लाँड्रीतल्या रात्रपाळीचा निळा गणवेश अंगावर, हातात मुलाचा करार. मुलगा पंधरा वर्षांचा. एजंट बाहेर गाडीत बसून होता. तिनं बोट ठेवलं ते पगारावर नाही, कारण पगार असा नव्हताच. बूट, कपडे, शाळेची फी आणि थोडा प्रवासखर्च. बोट होतं दुसऱ्या वर्षाच्या कलमावर. करार दोन वर्षांचा, पण दुसरं वर्ष क्लबच्या मर्जीवर. ती म्हणाली, “म्हणजे मुलगा त्यांना बांधलेला आणि ते मुलाला नाहीत?” मग विचारलं, गुडघा गेला तर फिजिओचे पैसे कोण देणार, आणि फी मध्येच बंद झाली तर शाळा सोडावी लागेल का? करारात उत्तर नव्हतं. आम्ही दोन ओळी लिहून कागद परत पाठवला: दुखापत झाली तरी उपचार क्लबचे, आणि संघातून काढलं तरी बारावीपर्यंत फी क्लबची. दुसरी मान्य झाली, पहिली नाही. तो मुलगा फर्स्ट ग्रेडपर्यंत, म्हणजे क्लबच्या मुख्य संघापर्यंत, पोचला नाही. आज इलेक्ट्रिशियन आहे, आणि बारावी त्याच शाळेतून झाला.

तुझ्या टिपणात अशा पोराचा उल्लेखच नाही. तुझे सगळे तक्ते पोचलेल्यांचे आहेत. न पोचलेल्यांचं पान घाल, आणि ते मागे जोडपत्रात नको, दुसऱ्या पानावर हवं. दरवर्षी सह्या केलेल्यांपैकी किती जण तीन वर्षांनी क्लबमध्ये उरले, किती जणांनी शाळा पूर्ण केली, हे तुमच्याच दप्तरात आहे. आतापर्यंत कुणी मागितलं नसेल, तू माग.

तुझ्या बाबांचा प्रश्न आता येईलच: आयपीएलसारखा लिलाव नाहीतर अमेरिकेसारखा ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी आळीपाळीनं खेळाडू निवडायचे, असं का करत नाहीत? ड्राफ्ट करून झालाय. 1991 मध्ये टेरी हिल नावाच्या तरुण खेळाडूला वेस्टर्न सबर्ब्सला जायचं होतं, ड्राफ्टनं त्याला ईस्टर्न सबर्ब्सकडे टाकलं. शंभराहून अधिक खेळाडू कोर्टात गेले आणि फेडरल कोर्टानं तो ड्राफ्ट व्यवसायस्वातंत्र्यावरचं गैरवाजवी बंधन ठरवून रद्द केला. त्याच्या वीस वर्षं आधीचा डेनिस टटीचा खटला तर नीटच वाच. करार संपल्यावरही त्याचा क्लब बालमेन त्याला सोडेना, तेव्हा 1969 चा अख्खा हंगाम तो घरी बसला. त्याच वर्षी बालमेननं त्याच्याशिवाय अजिंक्यपद जिंकलं. 1971 मध्ये हायकोर्टानं, म्हणजे इथल्या सर्वोच्च न्यायालयानं, निकाल त्याच्या बाजूनं दिला. एएफएलमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या फुटबॉलच्या लीगमध्ये, ड्राफ्ट चालतो हे खरं, पण इथल्या खेळाडूंच्या संघटनेला तो नको आहे, आणि तिच्या संमतीशिवाय पुन्हा आणायचा तर वकिलांची चैन. टिपणात ड्राफ्टला चार ओळींपेक्षा जास्त जागा देऊ नकोस.

टटीचा खटला वाच म्हणालो तो तुझ्या दुसऱ्या उपायासाठी. फुटबॉलमध्ये फिफाच्या नियमांनुसार बारा ते एकवीस या वयात खेळाडूला घडवणाऱ्या क्लबांना नवा क्लब भरपाई देतो. तेच तू इथे आणू म्हणतेस. दिशा योग्य आहे, पण पैसे कुणी द्यायचे इथे पाय घसरला. भरपाई नव्या क्लबनं द्यायची म्हटलं की ती पोराच्या डोक्यावर बसते. क्लब म्हणेल, तू चांगला आहेस, पण तुझ्यासोबत हे बिल येतं. मग करार संपलेलं पोरगं पुन्हा अडकलं, आणि टटीचा वकील जे बोलला तेच उद्या दुसरा कुणी बोलेल. म्हणून पैसे लीगच्या मध्यवर्ती निधीतून जावेत. नव्या क्लबच्या खिशातून नाही, आणि त्याच्या कॅपमधूनही नाही. प्रसारणाचे हक्क लीग विकते, तर खेळाडू पिकवण्याचा खर्चही तिनंच सोसावा. पोरानं फर्स्ट ग्रेडचा पहिला सामना खेळला की ज्या-ज्या ज्युनियर क्लबात त्याची नोंदणी होती, त्यांना वर्षांच्या प्रमाणात पैसे. नोंदणीची कागदपत्रं आहेत, वाद घालायला फारशी जागा नाही.

आणि कॅपमधली सवलत ठेवायचीच असेल तर तीही नोंदणीवर बांध, सहीवर नको. बारा ते सोळा या वयात जो त्या जिल्ह्याच्या ज्युनियर लीगमध्ये खेळला, तो घरचा. करार केव्हा झाला याला महत्त्व नाही. यातूनही पळवाट काढतील. बापाला नोकरी लावून अख्खं कुटुंबच अकराव्या वर्षी हलवतील. तसं ऑकलंडहून आजही होतंच. त्यावर माझ्याकडे पक्का उपाय नाही, फक्त सवलत इतकी मोठी ठेवू नकोस की घर हलवणं परवडावं.

जिथे घरचे खेळाडूच नाहीत त्या मेलबर्नचं काय, हा आक्षेप बैठकीत पहिल्या पाच मिनिटांत येईल. तिथे गल्लीबोळात एएफएल खेळतात. मेलबर्न स्टॉर्मचे मोठे खेळाडू स्मिथ, क्रॉंक, स्लेटर हे सगळे क्वीन्सलंडमधून वर आले. लीगमध्ये नवे क्लब म्हणून 2027 ला पर्थ येतंय, 2028 ला पापुआ न्यू गिनी. पापुआत पोरांचा तुटवडा नाही, तिथे रग्बी लीग हाच देशाचा खेळ. पण पर्थला घरचे खेळाडू आणायचे कुठून? अशा क्लबांना सवलतीऐवजी काही वर्षं ज्युनियर लीग उभारायला थेट निधी द्यावा, असं मी लिहिलं असतं. तुला वेगळं वाटत असेल तर वेगळं लिही, पण उत्तर तयार ठेव.

वयाच्या मुद्द्यावर मात्र मऊ होऊ नकोस. फर्स्ट ग्रेडसाठी अठरा वर्षांची अट होती, तरी 2021 मध्ये जोसेफ सुआलीईला सतराव्या वर्षी अपवाद म्हणून परवानगी मिळाली. पोरगं खरंच विलक्षण होतं, आणि पुढे ते युनियनकडे गेलंही. एकदा अपवाद केला की पुढच्याचा एजंट तोच कागद घेऊन येतो. तेव्हा सोळाच्या आत कुठलाही बांधून घेणारा करार नको, त्यानंतरच्या करारात मुदतवाढीची निवड फक्त खेळाडूच्या हातात, आणि त्या बाईनं मागितलेल्या दोन्ही ओळी प्रत्येक करारात छापील. ही तीन कलमं कॅपच्या सुधारणेशी बांधून टाक, म्हणजे सवलत हवी असलेल्या क्लबला ती गिळावीच लागतील.

सुधारलेला मसुदा गुरुवारपर्यंत पाठव. पगाराचे तक्ते एक्सेलमध्येच दे, पीडीएफ नको. मधल्या सतरा जणांचं गणित मला दोन-तीन वेगळ्या पगारांवर करून बघायचं आहे. आणि शाळा पूर्ण केलेल्यांचे आकडे दप्तरातून मिळाले नाहीत, तर कुणी नाही म्हटलं ते मला कळव.

तुझा,
काका