विकिपीडियावर खेळांची पाने : शीर्षकाचे पेच

मराठी विकिपीडियावर खेळाडू, संघ, स्पर्धा आणि मैदानांची पाने लिहिणारे वाचक अडतात ते बहुधा मजकुरावर नव्हे, शीर्षकावर. आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : पानाचे शीर्षक 'खाशाबा जाधव' ठेवू, 'खाशाबा दादासाहेब जाधव' की 'के. डी. जाधव'? आणि नावाआधी 'पैलवान' लावले तर चालेल का? — एक वाचक, सांगली

'खाशाबा जाधव'. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्राँझपदक मिळवणाऱ्या या मल्लाला मराठी वाचक याच नावाने ओळखतो, आणि शोधपेटीतही हेच नाव टाकतो. वडिलांच्या नावासह पूर्ण नाव लेखाच्या पहिल्या वाक्यात ठळक अक्षरांत द्यावे. उरलेल्या दोन्ही नावांची पाने उघडून त्यांत '#पुनर्निर्देशन [[खाशाबा जाधव]]' एवढी एकच ओळ लिहावी, म्हणजे कोणत्याही नावाने आलेला वाचक योग्य पानावर पोचतो. बापू नाडकर्णींचेही असेच. रमेशचंद्र गंगाराम नाडकर्णी असे कोण शोधणार?

पैलवान, श्री., सर, लिटल मास्टर यांतले काहीही शीर्षकात नको. 'हिंदकेसरी मारुती माने' हे आपल्या तोंडात बसलेले आहे हे खरे. पण हिंदकेसरी हा किताब आहे. १९५९ मध्ये श्रीपती खंचनाळे यांनी तो पहिल्यांदा जिंकला आणि नंतर तो अनेकांनी मिळवला. पानाचे नाव 'मारुती माने' असावे. वर्गाच्या, म्हणजे एका विषयाच्या पानांच्या, यादीत ते आडनावाने लागावे म्हणून पानाच्या तळाशी डिफॉल्टसॉर्टमध्ये (क्रमवारी ठरवणाऱ्या आज्ञेत) 'माने, मारुती' लिहा. टेनिसपटू ली ना हिच्या बाबतीत अशी उलटापालट करू नका, तिथे 'ली' हेच आडनाव आहे.

आद्याक्षरांत टिंबानंतर जागा सोडायची की नाही, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. 'व्ही.व्ही.एस. लक्ष्मण' आणि 'व्ही. व्ही. एस. लक्ष्मण' ही संगणकाच्या लेखी दोन वेगळी पाने आहेत. एक ठेवा, दुसरे पुनर्निर्देशित करा.

प्रश्न : 'ॲशेस मालिका' असा दुवा दिला तर तो लाल दिसतो, म्हणजे असे पान नाही असे दाखवतो, पण शोधल्यावर त्याच नावाचे पान सापडते. दोन्ही नावे अक्षरन् अक्षर सारखी आहेत. हे काय गौडबंगाल? — एक वाचक, नागपूर

ती डोळ्यांना सारखी दिसतात, एवढेच. 'ॲ' तीन तऱ्हांनी टंकित होतो. पहिली, 'ॲ' हे एकसंध अक्षर. दुसरी, आधी 'अ' आणि त्यावर स्वतंत्र अर्धचंद्र. तिसरी, 'अ' आणि अर्धचंद्र यांच्यामध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह. एकसंध 'ॲ' युनिकोडमध्ये आला २००८ साली. त्यामुळे जुन्या पानांवर आणि जुन्या कळफलकांतून आलेल्या मजकुरात उरलेल्या दोन तऱ्हा भरपूर आढळतात. विकिपीडियाची प्रणाली काही पर्याय आपोआप एकरूप करते, उदाहरणार्थ 'र'ला नुक्ता दिला तर त्याचा 'ऱ' होतो. पण 'ॲ'च्या या तीन तऱ्हांना ती तीन वेगळी शीर्षकेच मानते. ॲडलेड, ॲथलेटिक्स, ॲडम गिलख्रिस्ट, सगळीकडे हीच अडचण. 'कऱ्हाड'मधला 'ऱ्ह'सुद्धा दोन तऱ्हांनी लिहिला जातो : एकदा 'ऱ' वापरून, एकदा साधा 'र', हलन्त आणि तेच अदृश्य जोडचिन्ह वापरून.

खात्री करायची तर पान उघडा आणि पत्त्याच्या ओळीतला पत्ता साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. बहुतेक ब्राउझर देवनागरी अक्षरांऐवजी टक्क्यांच्या चिन्हांची माळ देतात. त्या माळेत ई२, ८०, ८डी (%E2%80%8D) हे तीन तुकडे लागोपाठ दिसले तर अदृश्य जोडचिन्ह आहे असे समजा.

आमचे मत असे की मूळ शीर्षक एकसंध 'ॲ'ने असावे, कारण आजचे फोनचे कळफलक तोच देतात. बाकी दोन तऱ्हांची पुनर्निर्देशने हवीत. मात्र जुन्या तऱ्हेच्या नावाखाली चांगला लेख आधीच असेल तर नवे पान सुरू करू नका, त्याच पानाचे स्थानांतरण करा, म्हणजे ते नव्या नावावर हलवा. दोन्ही पानांवर मजकूर असला तर जास्तीचा मजकूर जुन्या पानात न्या, तो कुठल्या पानावरून घेतला हे संपादन सारांशात लिहा आणि मग दुसऱ्या पानाचे पुनर्निर्देशन करा. सारांशातली ती नोंद बहुतेक जण विसरतात, आणि मूळ लेखकाचे श्रेय तिथेच हरवते.

'२०११' इंग्रजी आकड्यांत लिहिण्याची गोष्टही याच जातीची. शीर्षक देवनागरी आकड्यांत, इंग्रजी आकड्यांचे पुनर्निर्देशन.

प्रश्न : संघाचे किंवा मैदानाचे नाव बदलले तर जुने पान ठेवून नवे काढायचे का? — एक वाचक, पुणे

संघ तोच आणि पाटी नवी, असे असेल तर पान एकच. दिल्ली डेअरडेव्हिल्सचे आयपीएलच्या २०१९ च्या हंगामाआधी दिल्ली कॅपिटल्स झाले, किंग्स इलेव्हन पंजाबचे २०२१ मध्ये पंजाब किंग्स. पान नव्या नावावर हलवा, जुने नाव पुनर्निर्देशन म्हणून आपोआप मागे राहते. डेक्कन चार्जर्सचे तसे नाही. तो संघ २०१२ मध्ये बरखास्त झाला आणि हैदराबादसाठी सनरायझर्स ही नवी फ्रँचायझी विकली गेली. शहर एक असले तरी पाने दोन. तुमच्या पुण्याचेही तेच : पुणे वॉरियर्स इंडिया आणि रायझिंग पुणे सुपरजायंट ही वेगळी पाने. दुसऱ्या संघाचे 'सुपरजायंट्स' २०१७ च्या हंगामात 'सुपरजायंट' झाले, त्यासाठी मात्र पुनर्निर्देशन पुरे.

जुन्या हंगामांच्या पानांवर त्या वेळचेच नाव दिसले पाहिजे. २०१४ चा अंतिम सामना कोलकात्याने पंजाब किंग्सविरुद्ध जिंकला असे लिहिले तर ते चूक. तिथे '[[पंजाब किंग्स|किंग्स इलेव्हन पंजाब]]' असा दुवा द्या : उभ्या रेघेच्या डावीकडे पानाचे नाव, उजवीकडे वाचकाला दिसणारे. २०१९ मध्ये अरुण जेटली मैदान झालेल्या फिरोजशाह कोटलालाही हेच लागू. विभक्तीची सोयही या रेघेतच आहे. शीर्षक नेहमी 'पुणे', वाक्यात '[[पुणे|पुण्यात]]'.

प्रश्न : फातोर्ड्याच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमचे पान करायचे आहे, पण ते नाव आधीच दिल्लीच्या मैदानाला गेले आहे. — एक वाचक, मडगाव

याच नावाची मैदाने चेन्नई आणि कोचीलाही आहेत. म्हणून नुसते 'जवाहरलाल नेहरू स्टेडियम' हे निःसंदिग्धीकरणाचे, म्हणजे एकाच नावाच्या पानांची यादी देणारे, पान असावे आणि मैदानांना स्वल्पविरामानंतर शहराचे नाव जोडावे : 'जवाहरलाल नेहरू स्टेडियम, दिल्ली'. तुमचे मैदान सगळे गोवेकर फातोर्डा स्टेडियम म्हणूनच ओळखतात, तेव्हा तेच शीर्षक घ्या. शहराचे नाव जोडण्याची गरजच उरत नाही. (निःसंदिग्धीकरणातला विसर्ग टंकताना अपूर्णविराम (:) वापरू नका. शीर्षकातल्या अपूर्णविरामाआधीचा भाग प्रणाली नामविश्वाचे, म्हणजे 'सदस्य'सारख्या पानांच्या गटाचे, नाव आहे का, म्हणून तपासते.)

माणसांसाठी कंसात खेळ लिहितात, '(क्रिकेट खेळाडू)' असा. तो नामसाधर्म्य असेल तेव्हाच. आणि कधी तोही पुरत नाही. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी गेलेल्या भारतीय हॉकी संघात तीन बलबीर सिंग होते. तिथे '(हॉकी खेळाडू)' लिहून काहीच उलगडत नाही, आडनाव किंवा जन्मवर्ष द्यावे लागते.

प्रश्न : टोकियो ऑलिंपिक २०२१ मध्ये झाले. शीर्षकात कोणते वर्ष? — एक वाचक, ठाणे

२०२०. आयोजकांनी अधिकृत नाव बदलले नाही. दोन वर्षांत पसरणारा हंगाम 'रणजी करंडक २०२३-२४' असा, साध्या जोडरेघेने. आणि नुसते 'क्रिकेट विश्वचषक' टाळा : महिलांची स्पर्धा १९७३ मध्ये सुरू झाली, पुरुषांची १९७५ मध्ये. दोन्ही शीर्षकांत 'पुरुष' किंवा 'महिला' हवे.

प्रश्न : चुकलेले शीर्षक सुधारायला मी नव्या नावाचे पान करून सगळा मजकूर तिथे चिकटवला. तो उलटवला गेला. का? — एक वाचक, बेळगाव

कारण संपादनांचा इतिहास जुन्या पानावरच राहिला. कोणी काय लिहिले याचा माग त्या इतिहासातच असतो. 'स्थानांतरण' वापरले की मजकूर, इतिहास आणि चर्चापान एकत्र हलतात. नव्या खात्याला ही सोय लगेच मिळत नाही. बहुतेक विकिमीडिया प्रकल्पांवर खाते चार दिवसांचे असावे लागते, काही ठिकाणी दहा संपादनेही लागतात. हव्या त्या नावावर आधीच इतिहास असलेले पान असेल तर प्रचालकाला, म्हणजे जादा अधिकार असलेल्या सदस्याला, विनंती करावी लागते.

हलवल्यावर 'येथे काय जोडले आहे' उघडा. जुन्या नावाकडे येणारी पुनर्निर्देशने थेट नव्या नावाकडे वळवा, कारण प्रणाली एकाच उडीपर्यंत जाते, दुहेरी पुनर्निर्देशनावर वाचक मधल्या पानावर अडकतो. शीर्षकाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलन्तासह, ३ बाइट घेते. एकट्या 'महाराष्ट्र'ला ३० लागतात. चौकोनी आणि महिरपी कंस, उभी रेघ, हॅश ही चिन्हे शीर्षकात चालतच नाहीत.